भरतीच्या आकड्यांचं पॅकेज

लायब्ररी लिहिणारा आणि ती लिनक्समध्ये घालणारा यांचं फारसं पटत नाही. लिहिणाऱ्याला घाई असते, घालणाऱ्याला शंका. लिहिणारा म्हणतो, माझा कोड पायथनच्या ‘पायपीआय’ साठ्यात आहे, ज्याला हवा त्याने पिपने उतरवून घ्यावा. घालणारा म्हणतो, थांब, आधी परवाना दाखव, टेस्ट दाखव, ही फाईल कुठून आणलीस ते सांग. डेबियन या लिनक्स वितरणाची सुरुवात ऑगस्ट १९९३ मध्ये झाली, आणि ही कुरबुरही जवळपास तितकीच जुनी असावी.

हा वाद मालवणात आपोआप कानावर पडण्याची शक्यता कमी, म्हणून मीच तो तिथे नेऊन ठेवला आहे. खालची तीन माणसं मी रचलेली आहेत. ती ज्या घटनांचे दाखले देतात त्या मात्र घडलेल्या आहेत. भाची दांडीच्या किनाऱ्याजवळ घरी बसून परगावच्या कंपनीचं काम करते. मोकळ्या वेळात तिने पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली: बंदर आणि तारीख दिली की भरती-सुकतीच्या वेळा, पाण्याची उंची आणि त्या दिवसाची तिथी मिळते. मामा कुडाळला कॉलेजात संगणक शिकवतो आणि रात्री डेबियनची पॅकेजं सांभाळतो. घरात सगळे मालवणी बोलतात. वाचकांच्या सोयीसाठी मी त्या दोघांचं बोलणं प्रमाण मराठीत आणलं आहे. तिसऱ्या, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या आबांचं आणलेलं नाही, त्यांनी ते चालवून घेतलं नसतं.

मामा: तुझ्या लायब्ररीचं डेबियन पॅकेज करीन म्हणतो. तुझी हरकत नाही ना?

भाची: हरकत कसली? परवाना एमआयटी आहे, कोणी काहीही करावं. पण कशाला उगाच दगदग? पिपने एका ओळीत उतरते.

मामा: डेबियन १२ वर करून बघितलंस?

भाची: बघितलं. पिपने तोंडावर नकार दिला. म्हणे हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं, इथे हात लावू नका. आधी तुम्हीच वाट अडवायची आणि मग तुम्हीच वाटाडे व्हायचं!

मामा: तो नियम आमच्या एकट्याचा नाही. पायथनवाल्यांनीच ठरवलेला आहे, पेप ६६८. सिस्टीमचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच पायथनवर चालतात. वरून कोणीतरी एखादी लायब्ररी बदलायची आणि दुसऱ्या दिवशी मशीनचं भलतंच काहीतरी बंद पडायचं. ही उस्तवार आम्ही वर्षानुवर्षं केली आहे.

भाची: म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असतं. दोन ओळी जास्त, बस.

मामा: तुला दोन ओळी. शाळेतल्या लॅबच्या सरांना? त्यांच्याकडे जुनी मशीन, शिकवायला एक तास, आणि नेट आलं तर आलं. तौक्तेच्या वेळी आठव, मे २०२१. वीज गेली, टॉवर गेले, किती दिवस आपण जगापासून तुटलो होतो.

भाची: तेव्हा तुझं अ‍ॅप्ट तरी कुठून चाललं असतं?

मामा: पेनड्राइव्हवरून. डेबियनची सगळी पॅकेजं डिस्कवर उतरवून ठेवता येतात. एका मशीनवर तो साठा जसाच्या तसा ठेवला की अख्खी लॅब त्यावर चालते, बाहेरच्या जगाशी संबंध नाही.

भाची: तौक्ते रोज येत नाही मामा.

इथे भाचीचं म्हणणं वरवर पाहता बरोबर आहे. पण मामाने जो दाखला द्यायला हवा होता तो त्याला सुचला नाही, म्हणून मी देतो. डेबियन किंवा फेडोरा नव्याने बसवून कोणी मराठी मजकूर उघडला की अक्षरं नीट दिसतात. कोणी काही उतरवलेलं नसतं. ती अक्षरं कित्येक वर्षं बहुधा लोहित कुटुंबातली असत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले, आणि पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या माणसांनी ते वर्षानुवर्षं दुरुस्त केले. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फॉन्टसाठीच बनलेला ओपन फॉन्ट लायसन्स लावला गेला. डेबियनमध्ये देवनागरीच्या लोहितचं एक पॅकेज आहे आणि मराठीचं त्याशेजारी वेगळं, कारण मराठी डोळ्याला ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे लागतात. शिवाय गार्गी, नकुल, सहदेव, सम्यक यांची पॅकेजं आहेतच. फेडोरात मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेलच्या शब्दकोशाचंही पॅकेज आहे. यातलं काहीही ‘ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं’ या तत्त्वावर सोडलं असतं, तर ज्याला उतरवता येत नाही त्याच्या पडद्यावर चौकोनच दिसले असते. फॉन्ट उतरवण्याच्या सूचनासुद्धा चौकोनांतच.

असो. मामा पुढे पॅकेजचा प्रवास सांगू लागला. आधी ‘हे पॅकेज मी करणार आहे’ असा जाहीर बग नोंदवायचा, म्हणजे दोघांनी एकच काम करायला नको. मग सोर्समध्ये ‘डेबियन’ नावाचा एक फोल्डर: कशावर अवलंबून आहे, कसं बांधायचं, काय बदललं, आणि कोणत्या फाईलचा हक्क कोणाचा. लिंटियन नावाचा प्रोग्रॅम त्यातल्या खोड्या काढतो. ज्याला चढवण्याचा अधिकार नाही त्याला एखादा डेबियन डेव्हलपर पाठीराखा शोधावा लागतो. मग नव्या पॅकेजांची रांग, जिथे माणसं बसून परवाने वाचतात. मग अनस्टेबल, काही दिवसांनी टेस्टिंग, आणि दोनेक वर्षांतून एकदा त्या टेस्टिंगचंच स्टेबल होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजं आहेत.

भाची: ‘दोन वर्षांतून एकदा’ हेच माझं दुखणं आहे. मी दर महिन्याला दुरुस्त्या करते. तू आज जी आवृत्ती घेशील ती तुमच्या स्टेबलमध्ये गोठून पडणार. तीन वर्षांनी कोणीतरी मला लिहिणार, तुमची भरती चुकली. ती चूक मी केव्हाच सुधारलेली असणार. एक्सस्क्रीनसेव्हरचं काय झालं होतं?

मामा: त्याचा लेखक, जेमी झवीन्स्की.

भाची: त्याने प्रोग्रॅममध्येच घालून ठेवलं होतं, ही आवृत्ती फार जुनी आहे, नवी घ्या. कारण डेबियनमधल्या जुन्या आवृत्तीचे बग लोक त्याच्याकडे नेत. २०१६ मध्ये डेबियनवाल्यांना ती सूचनाच खुपली, काढून टाकायची भाषा सुरू झाली. तो म्हणाला, त्यापेक्षा माझा प्रोग्रॅमच काढून टाका. माझ्या मते बरोबर म्हणाला.

मामा: बग आधी आमच्याकडे यायला हवेत, हे मान्य. आमच्याकडे त्यासाठी वेगळी जागा आहे, पण लोक मूळ लेखकाचं नाव वाचून थेट तिकडेच जातात. मात्र जुनं म्हणजे वाईट असं समजू नकोस. ज्याला पाच वर्षं तोच प्रोग्रॅम तसाच चालायला हवा आहे, त्याला तुझ्या दर महिन्याच्या दुरुस्त्या म्हणजे दर महिन्याची धास्ती. सुरक्षेची भोकं आम्ही जुन्या आवृत्तीतही बुजवतो.

भाची: बुजवता, आणि कधी कधी पाडताही. २००८.

मामा गप्प. डेबियनच्या माणसाला २००८ म्हटलं की ओपनएसएसएल आठवतं. २००६ मध्ये पॅकेज सांभाळणाऱ्याने एका तपासणीच्या इशाऱ्यावरून दोन ओळी निकामी केल्या. त्या ओळी यादृच्छिक आकड्यांच्या साठ्यात भर घालणाऱ्या होत्या. त्या गेल्यावर गुप्त किल्ल्या बनवताना प्रोसेसच्या क्रमांकाशिवाय बदलणारं असं काही उरलंच नाही, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या फार तर ३२,७६८ किल्ल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस आलं. तोवर डेबियन आणि उबुंटूवर या ओपनएसएसएलने बनवलेली प्रत्येक किल्ली अंदाजाने उघडता येण्याजोगी होती, आणि मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष कधी नव्हताच.

मामा: ते आमचं पाप. त्यानंतर आम्ही काय शिकलो म्हणशील, तर पॅच लावायचा तो मूळ लेखकाकडे पाठवायचा आणि त्याने पाहिल्याशिवाय ठेवायचा नाही. सगळे पाळतात असं नाही.

भाची: आणि २०२४?

मामा: एक्सझेड होय, फाईल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत बसवलेलं चोरदार. ते दोन्ही बाजूंना लागतं.

भाची: चोरदार कोणासाठी बसवलं होतं? तुमच्यासाठी! डेब किंवा आरपीएम बांधलं जातंय असं दिसलं तरच तो कोड जागा होत होता. हाताने किंवा आणखी कशाने बांधलं तर गुमान झोपलेला. आणि एसएसएचच्या सर्व्हरला ती लायब्ररी चिकटवली कोणी? ओपनएसएसएचवाल्यांनी नाही. सिस्टिमडीला निरोप जावा म्हणून वितरणांनी स्वतः लावलेल्या पॅचमुळे.

मामा: सगळं खरं. आता पुढचं सांग. ते स्टेबलमध्ये पोचलं का?

भाची: नाही.

मामा: अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत आलं, तिथे सापडलं. ‘जिया तान’ या नावामागे जो कोणी होता त्याची सगळी धडपड एकच होती, नवी आवृत्ती लवकर आत घ्या. जो घाई करायला लावतो त्याच्याकडे दोनदा बघावं.

भाची: म्हणजे तुमचा संथपणा हीच तुमची सुरक्षा! आणि सापडलं ते तुमच्या तपासणीत नाहीच.

ही फेरी मी भाचीला देतो. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या माणसाने ते जाहीर केलं, तेही त्याच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागू लागला म्हणून. रांगेतल्या परवाना वाचणाऱ्यांनी ते पकडलं नाही, टेस्टने पकडलं नाही. सोर्सच्या टारबॉलमध्ये जे होतं ते गिटमधल्या कोडशी जुळत नव्हतं, हेही कोणी ताडून पाहिलं नव्हतं. मात्र पर्याय म्हणून भाची ज्या पायपीआयकडे बोट दाखवते, तिथे तर दारावर कोणीच नाही. मे २०२२ मध्ये ‘सीटीएक्स’ नावाच्या जुन्या लायब्ररीच्या लेखकाच्या ईमेलचं डोमेन मुदत संपून मोकळं झालं. कोणीतरी ते विकत घेतलं, त्या पत्त्यावर नवा पासवर्ड मागवला, आणि लोकांच्या मशीनवरची गुपितं उचलणारा कोड त्याच नावाने वर चढवला. वर्षभराने, २० मे २०२३ ला, घातक पॅकेजांचा ओघ आवरेना म्हणून पायपीआयने नवी खाती आणि नवी नावं घेणंच काही काळ थांबवलं.

मामाकडे आणखी एक दुखरा विषय होता, तो भाचीनेच काढला.

भाची: आणि हे सगळं माझ्या लायब्ररीसारख्या छोट्या गोष्टीसाठी ठीक. मोठं काही असलं की तुमचा गाडा अडतो. कोड ठेवायचं ते गिटलॅब बघ.

मामा: गिटलॅब म्हणजे आमच्या पायरेट प्रवीणची कमाल आहे. रुबी आणि जावास्क्रिप्टच्या ढीगभर लायब्ऱ्या, एकेकीचं वेगळं पॅकेज. त्यासाठी कॉलेजातली पोरं जमवून त्यांना पॅकेजिंग शिकवलं. भारतात आज जे डेबियनवाले आहेत त्यांतले कितीतरी तिथून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची परिषद, डेबकॉन्फ, कोचीत भरली ती काही हवेतून नाही भरली.

भाची: ते सगळं मान्य. गिटलॅबचं काय झालं?

मामा: २०१७ च्या स्ट्रेचमध्ये आलं. २०१९ च्या बस्टरमध्ये नव्हतं. ते महिन्याला बदलतं, आम्ही दोन वर्षांनी. शेवटी त्यासाठी फास्टट्रॅक नावाचा वेगळा साठा काढावा लागला.

भाची: मग?

मामा: मग काही नाही. काही गोष्टी स्टेबलमध्ये राहण्याच्या नसतात. तुझी लायब्ररी आहे. चंद्र दर महिन्याला नवी आवृत्ती काढत नाही.

इतका वेळ आबा ओसरीवर जाळं विणत बसले होते. चंद्राचं नाव आल्यावर त्यांनी मान वर केली.

आबा: अष्टमीक सांजचे सा वाजता भरती. हेका कंप्युटर कित्याक व्हयो?

आबांचा हिशेब कोकणात सगळीकडे चालतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीची पाऊणपट सहा, पौर्णिमेची सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि हिशेब तिथीमागे पंचेचाळीस धरतो, म्हणून तो ढोबळ असला तरी दिशाभूल करत नाही. तो एक गोष्ट मात्र सांगत नाही: पाणी किती चढणार. उधाणाचं पाणी आणि भांगाचं पाणी यांत होडी काठाला लागणं न लागणं एवढा फरक असतो. शिवाय पाऊणपटीचा हिशेब सगळ्या बंदरांना एकच, आणि भरती तर कारवार, मालवण, मुंबई अशी वेगवेगळ्या वेळी लागते.

भाचीच्या लायब्ररीचं गणित १५० वर्षं जुनं आणि सुंदर आहे. समुद्राचं चढणं-उतरणं म्हणजे पुष्कळ साध्या लाटांची बेरीज. एक चंद्राची, १२ तास २५ मिनिटांची. एक सूर्याची, बरोबर १२ तासांची. दिवसाकाठी एकदाच येणाऱ्या आणखी काही. प्रत्येक लाटेचा वेग आकाशातून ठरतो आणि सगळीकडे तोच असतो. तिची उंची किती आणि ती किती उशिरा पोचते, हे दोन आकडे मात्र बंदरागणिक वेगळे. ते गणिताने मिळत नाहीत, पाण्यात काठी रोवून मोजावे लागतात. बेरीज करणारं यंत्र लॉर्ड केल्व्हिनने १८७२ च्या सुमारास काढलं. हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी खास असं यंत्र १८७९ मध्ये लंडनात तयार झालं आणि इथल्या भरतीची कोष्टकं तिथे, दांडे-चाकं फिरवून निघू लागली. आज तेच काम पायथनच्या पन्नास ओळी करतात. ओळी कोणीही लिहील. किंमत आकड्यांची.

आणि मामा तिथेच येऊन थांबला.

मामा: पॅकेज मी बांधून पाहिलं. लिंटियनचं किरकोळ आहे. एस-थ्री-नाइंटीवर तुझी टेस्ट पडली.

भाची: एस-थ्री-नाइंटी म्हणजे आयबीएमचं मेनफ्रेम? मालवणात कोणाकडे आहे?

मामा: कोणाकडे नाही. पण त्या मशीनवर बाइट उलट्या क्रमाने असतात, आणि तू बंदरांची फाईल वाचताना क्रम कोणता ते सांगितलंच नाहीस. तुझ्या लॅपटॉपवर नशिबाने जुळतं.

भाची: बरं, ती चूक माझी. करते दुरुस्त.

मामा: आता त्याच फाईलबद्दल. कुठून आणलीस?

भाची: एक्सटाईड या भरती सांगणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या संचातून. नेटवर सापडली.

मामा: वर काय लिहिलं होतं?

भाची: ...अव्यावसायिक वापरासाठी.

मामा: आणि तू सगळ्यावर एमआयटीचा शिक्का मारलास.

भाची: कोड माझा आहे!

मामा: कोड तुझा. आकडे?

डेबियनमध्ये एक्सटाईडचा डेटा दोन पॅकेजांत विभागलेला आहे. एक मुक्त, दुसऱ्याच्या नावातच ‘नॉनफ्री’. अमेरिकेच्या बंदरांचे आकडे तिथलं सरकार मोजतं आणि विनाअट देतं, म्हणून ते मुक्त. परदेशी बंदरांचे बरेच आकडे अटींसह आले, म्हणून ते बाजूला. एकच प्रोग्रॅम, तेच गणित, आणि न्यूयॉर्कचा समुद्र मोकळा, दुसऱ्या कुठल्या बंदराचा अडकलेला.

भाची: मग माझंही नॉनफ्रीमध्ये टाक. कोण बघतंय?

मामा: टाकता येईल. पण अव्यावसायिक म्हणजे कोण ते सांग. तारकर्लीला स्कूबाला नेणारा? किल्ल्यावर होडी नेणारा? देवबागला होमस्टे चालवणारी आपली मावशी पाहुण्यांना भरतीची वेळ सांगते ती? मालवणात समुद्राशी ज्याचं काम पडतं त्यांतला अव्यावसायिक एक तरी दाखव.

भाची: आबा.

मामा: तेही दोन वर्षांपासून. डेबियनच्या नियमांत लिहिलंय, अमुक धंद्याला चालणार नाही अशी अट असलेला परवाना मुक्त नाही. लोकांना तो हट्ट वाटतो. मला तो इथे, या किनाऱ्यावर, पटतो.

भाची: पण मामा, आकड्यांवर मालकी असते का? चंद्राची लाट इथे अमुक उंचीची आहे, ही वस्तुस्थिती आहे. उद्या कोणी म्हणेल डोंगराची उंची माझी.

मामा: कोर्टात कदाचित तू जिंकशील. मी कोर्टात जाणारा माणूस नाही, परवान्याची फाईल लिहिणारा आहे. त्या फाईलमध्ये ‘भाची म्हणते’ असं लिहून चालत नाही.

भाची: आपल्या सरकारचे आकडे?

मामा: भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो, किंमत लावून विकतो. सरकारी प्रकाशनावर सरकारचा कॉपीराइट साठ वर्षं असतो, १९५७ चा कायदा. २०१७ मध्ये सरकारने खुल्या डेटाचा परवाना काढला, चांगला आहे, पण तो ज्या डेटावर लावलाय त्यालाच लागतो. मनाने लावून घेता येत नाही.

भाची: म्हणजे आपल्या गावाचा समुद्र, आपल्या पैशाने मोजलेला, आणि आपल्याच शाळेतल्या लॅबमध्ये घालता येत नाही. आणि यात तुला चुकीचं काही दिसत नाही?

मामा: दिसतं ना. पण चूक परवान्यात आहे. मी ती लपवून पॅकेज केलं तर ती चूक हजारो मशीनवर पोचेल आणि कोणाला दिसणारही नाही. तू पिपने टाकलीस तेव्हा नेमकं हेच झालं. कोणी विचारलंच नाही.

भाची: जुने आकडे घेऊ मग. १८८५ च्या सुमारास रॉयल सोसायटीत हिंदुस्थानच्या बंदरांचे आकडे छापलेत, बेअर्ड आणि डार्विन यांचे. त्यांचा कॉपीराइट कधीच संपला.

मामा: मुंबईसाठी घे खुशाल. मुंबईचे आकडे मालवणला लावशील? तिकडे पाणी इथल्यापेक्षा कितीतरी जास्त चढतं.

भाची: तर मोजावेच लागतील.

मामा: एकोणतीस दिवस, तासातासाला. चंद्राची आणि सूर्याची लाट एकमेकींपासून सुटी व्हायला पंधरवडा पुरतो. चंद्राच्या जवळ-लांब जाण्याने येणारी लाट ओळखायला साधारण महिना. पूर्ण हिशेबाला वर्ष लागतं, पण महिन्याच्या आकड्यांवर लायब्ररी चालेल.

आबा: काठी रोवतल्यात तर जेटीच्या आडोशाक रोवा. लाटेत आकडे चुकतले.

माझा कौल असा. पॅकेज व्हावं, पण आकड्यांशिवाय. कोड डेबियनमध्ये जावा आणि बंदरांची फाईल ज्याची त्याने बाहेरून द्यावी. भाचीने पायपीआयवरची आवृत्तीही तशीच सुटी करावी, कारण परवान्याचा घोळ तिकडेही तोच आहे, फक्त तिकडे तो कोणी काढला नाही. वेगाच्या आणि सुरक्षेच्या वादात भाचीचं पारडं मला जड वाटतं. वितरणांनी आपल्या तपासणीबद्दल थोडं कमी बोलावं आणि टारबॉल गिटशी ताडून पाहावा. पण ‘हे कोणाचं आहे?’ असा प्रश्न अख्ख्या साखळीत विचारला तो मामाने. तो विचारण्यासाठीच ती संथ, चिकट, वैताग आणणारी रांग मला हवी आहे.

राहिली मोजणी. पाऊस संपला, समुद्र निवला की मालवण, वेंगुर्ले, देवगड इथल्या एखाद्या कॉलेजने हे मनावर घ्यावं. बंदर खात्याची परवानगी, जेटीच्या आडोशाला खुणांची एक काठी, तिचा शून्य कुठे आहे याची दगडावर पक्की नोंद, एक घड्याळ, पाळ्या लावून आळीपाळीने बसणारी मुलं आणि एक वही. त्या आकड्यांवर होडी हाकायची नाही, त्यासाठी सरकारी कोष्टकंच वापरायची. आणि वहीच्या पहिल्या पानावर, पहिला आकडा लिहिण्याआधी, एवढं लिहून सर्वांनी सह्या कराव्यात: हे आकडे कोणीही, कशासाठीही, धंद्यासाठीसुद्धा वापरावेत.